वेस्लीचा वेलस्ली: गोदाकाठावरून गेलेल्या एका आयरिश आडनावाची कथा

आडनाव गावावरून पडते, हे बीड जिल्ह्यातील माणसाला निराळे सांगावे लागत नाही. धारूरचे ते धारूरकर, परळीचे ते परळीकर, अंबाजोगाईचे ते अंबेजोगाईकर. मूळ गाव सुटून चार पिढ्या लोटतात, वाडा पडतो, शेत दुसऱ्याच्या नावावर होते, तरी शेवटचा ‘कर’ त्या गावाची आठवण राखून असतो. दुसराही एक प्रकार आपल्या परिचयाचा आहे. घराण्याचा वंश खुंटला की दत्तक घेतला जातो. दत्तक गेलेल्या मुलाचे आडनाव बदलते आणि नव्या आडनावाबरोबर वतनही त्याच्याकडे येते. आपल्या ख्रिस्ती समाजातही आडनावांचा इतिहास एकसारखा नाही. वसईकडील आपल्या बांधवांच्या पूर्वजांनी बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावे घेतली. मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावच्या मिशनकार्यातून जी कुटुंबे प्रभूच्या मळ्यात आली, त्यांनी मात्र आपली मराठी आडनावे तशीच ठेवली. औरंगाबाद धर्मप्रांतातील धर्मग्रामांच्या नोंदवह्या उघडल्या की हा फरक चटकन नजरेत भरतो.

गावावरून पडलेले आणि दत्तकासारखे चालत आलेले, असे आडनावाचे दोन्ही प्रकार ज्या एका घराण्यात एकत्र आले, ते आयर्लंडमधील वेलस्ली घराणे. या घराण्याचा आर्थर नावाचा मुलगा १८०३ च्या पावसाळ्यात गोदावरीच्या काठाने, आजच्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेजवळून, फौज घेऊन गेला. पुढे सव्वीस वर्षांनी, इंग्लंडचा पंतप्रधान असताना, त्यानेच कॅथॉलिकांना पार्लमेंटचे दार उघडून देणारा कायदा संमत करून घेतला. पहिली गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत असते. दुसरी सहसा कोणी सांगत नाही.

प्रथम नावाचे मूळ पाहू. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सॉमरसेट परगणा आहे. तेथील वेल्स या गावाजवळ रान तोडून वसवलेली एक वस्ती होती. तिचे नाव वेल्सली. म्हणजे हे आडनावही आपल्या ‘कर’ सारखेच, जागा सांगणारे. बाराव्या शतकात राजा दुसरा हेन्री आयर्लंडवर चालून गेला, त्याच्या मागोमाग या वस्तीचे लोक समुद्र ओलांडून गेले आणि डब्लिनजवळच्या मीथ परगण्यात जमिनी मिळवून स्थायिक झाले. तेव्हा सारेच एका पवित्र सभेचे होते; जिंकणारा आणि जिंकला गेलेला एकाच मिस्साला उभे राहत. बोलण्याच्या ओघात आणि लेखनिकांच्या हातून नाव झिजत गेले. वेल्सलीचे वेस्ली झाले. त्या काळी एकाच माणसाचे नाव एकाच कागदावर दोन रीतींनी लिहिलेले आढळते आणि त्याचे कोणाला वावगे वाटत नसे.

आर्थरचे रक्त मात्र या वेस्लींचे नव्हे. त्याचे खरे कुळ कोली किंवा काउली नावाचे. (आपल्याकडील कोळी समाजाशी याचा काडीचाही संबंध नाही, हे सांगून टाकलेले बरे, नामसाधर्म्यावरून इतिहास रचण्याची हौस आपल्यात थोडी नाही.) हे काउली इंग्लंडमधून आयर्लंडला आले ते १५०० च्या सुमारास. रोमशी नाते तोडणाऱ्या आठव्या हेन्रीच्या अमदानीत ते सरकारी हुद्द्यांवर चढले, आणि नव्या पंथाबरोबर राहिल्याने त्यांची भरभराट होत गेली. ज्या आयरिश घराण्यांनी जुनी श्रद्धा सोडली नाही, त्यांच्या जमिनी पुढील दीडशे वर्षांत एकामागून एक हिरावल्या गेल्या.

मीथ परगण्यातील डांगन या गढीचा मालक गॅरेट वेस्ली निपुत्रिक होता. मेथडिस्ट पंथाच्या इतिहासात अशी हकीकत सांगतात की, या गॅरेटने इंग्लंडमधील चार्ल्स वेस्ली नावाच्या शाळकरी मुलाला वारस करण्याची इच्छा दर्शवली. मुलाने नकार दिला. हाच चार्ल्स पुढे मोठा भक्तिगीतकार झाला आणि त्याचा भाऊ जॉन वेस्ली याने मेथडिस्ट चळवळ उभारली. चार्ल्सच्या नकारामुळे वारसा गेला रिचर्ड कोली या नातेवाइकाकडे. अट एकच होती: आडनाव बदलावयाचे. १७२८ साली रिचर्ड कोली हा रिचर्ड वेस्ली झाला.

हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच १७२८ मध्ये आयर्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून कॅथॉलिकांचा मताधिकार काढून घेतला. कॅथॉलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याची बंदी आधीपासूनच होती. त्यांना जमीन विकत घेता येत नव्हती, एकतीस वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा मिळत नव्हता, वकिली बंद होती, शाळा चालवणे गुन्हा होता. देशातील बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक आणि देशाचा कारभार मूठभरांच्या हाती, अशी ती व्यवस्था होती. नव्याने वेस्ली झालेल्या घराण्याचा उत्कर्ष या व्यवस्थेच्या सावलीत झाला. रिचर्ड १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला. त्याचा मुलगा गॅरेट १७६० मध्ये अर्ल झाला. हा गॅरेट जातिवंत संगीतकार होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो संगीताचा पहिला प्राध्यापक झाला. मात्र पैसा सांभाळणे त्याला कधी जमले नाही.

याच गॅरेटचा मुलगा आर्थर वेस्ली. जन्म डब्लिनमध्ये, १७६९ साली. वाढदिवस तो १ मे रोजी साजरा करीत असे. वडील लवकर वारले, घरावर कर्ज होते, थोरला भाऊ रिचर्ड हुशार आणि आर्थर आईच्या मते कामातून गेलेला. इटन येथील शाळेत त्याचे लक्ष लागले नाही. मग ब्रुसेल्स, नंतर फ्रान्समधील आंजे येथील घोडदौडीची शाळा. कॅथॉलिक देशांत काढलेल्या या दिवसांत तो उत्तम फ्रेंच शिकला. घरी परतून भावाच्या वशिल्याने सैन्यात शिरला आणि १७९० मध्ये ट्रिम गावातून आयर्लंडच्या पार्लमेंटवर निवडून गेला. १७९३ मध्ये कॅथॉलिकांना मताधिकार परत देणारा कायदा आला तेव्हा त्याने सवलतीच्या बाजूने भाषण केले. परंतु त्यांना पार्लमेंटमध्ये जागा द्यावी, एवढी त्याची तयारी नव्हती. वडिलांकडून व्हायोलिनचा हात त्याला लाभला होता. कॅथरिन पॅकनम या तरुणीला त्याने मागणी घातली, ती तिच्या घरच्यांनी नाकारली, आणि त्याच सुमारास त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली. यानंतर त्याने वाद्य हाती धरले नाही.

१७९७ च्या फेब्रुवारीत तो आपल्या पलटणीसह कलकत्त्याला उतरला तेव्हा आर्थर वेस्लीच होता. पुढील वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला आणि येताना आडनावाचे जुने, भारदस्त रूप घेऊन आला: वेलस्ली. रिचर्डला थोरपणाची हौस फार. मेथडिस्ट प्रचारकांमुळे वेस्ली हे नाव आता सामान्य जनांच्या तोंडी झाले होते; त्यापासून अंतर ठेवावे, असाही या बदलामागे हेतू असल्याचे काही जण सांगतात. १९ मे १७९८ च्या पत्रापासून आर्थरची सही ‘वेलस्ली’ अशी दिसते. म्हणजे ज्या नावाने तो आपल्या इतिहासात आला, ते नाव त्याने हिंदुस्थानच्या भूमीवर असतानाच धारण केले.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. शहराचा कारभार आर्थरकडे आला. तेथील बंदिवासातून सुटलेला धोंडिया वाघ हा लढवय्या फौज जमवून दक्षिणेत धुमाकूळ घालीत होता. महिनोन्‌महिने पाठलाग करून आर्थरने १० सप्टेंबर १८०० रोजी त्याला गाठले. लढाईत धोंडिया पडला. त्याच्या सामानसुमानात चार वर्षांचा एक मुलगा सापडला, धोंडियाचा लाडका सलाबतखान. आर्थरने त्याला आपल्या तंबूत आणले, वाढवले आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या शिक्षणासाठी पैसे ठेवून गेला. तो मुलगा मोठा होऊन म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत राहिला आणि १८२२ साली पटकीने वारला. आर्थरने त्याला दत्तक घेतले, असे कोठे कोठे लिहिलेले आढळते. पालनपोषण केले हे खरे. आडनाव दिले नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. दुसरा बाजीराव पेशवा होळकरांच्या भयाने पुणे सोडून निघाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी आर्थर दक्षिणेतून चालत एप्रिल १८०३ मध्ये पुण्यात आला. शिंदे व भोसले यांना तह मान्य नव्हता. युद्ध सुरू झाले. ८ ऑगस्टला तेव्हाच्या अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची, पेठ शिड्या लावून घेण्यात आली आणि १२ तारखेला किल्ला हाती आला. दुथडी भरलेली गोदावरी कातड्याने मढवलेल्या टोपल्यांसारख्या होड्यांतून ओलांडून फौज औरंगाबादला पोहोचली.

बीड, गेवराई, माजलगाव, धारूर हा सारा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि निजाम इंग्रजांचा दोस्त. त्यातच ६ ऑगस्टला वृद्ध निजाम अलीखान मरण पावला. शिंदे-भोसले यांची घोडदळे गोदावरी उतरून बीडच्या बाजूने थेट हैदराबादेकडे जातील, ही आर्थरला मोठी चिंता होती. म्हणून त्याने फौज गोदावरीच्या काठाने पूर्वेकडे नेली आणि उतारांवर पहारा ठेवला. याच नदीच्या तीरावर, गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे, चाळीस वर्षांपूर्वी, १७६३ च्या ऑगस्टमध्ये, थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला होता. गोदाकाठच्या शेतकऱ्याने बापाच्या तोंडून एका लढाईच्या गोष्टी ऐकल्या आणि मुलाला दुसरीच्या सांगितल्या. नदी ओलांडली गेली नाही. लढाई उत्तरेला, आजच्या जालना जिल्ह्यात असई येथे झाली.

२३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांची फौज उभी होती. तिच्यातील कवायती पायदळ दहा हजारांवर, तोफा शंभराच्या आसपास, घोडदळ हजारोंनी. पायदळाचा सेनापती पोलमन नावाचा जर्मन. शिंद्यांच्या बाजूला सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही होत्या. ही बेगम म्हणजे १७८१ मध्ये बाप्तिस्मा घेतलेली कॅथॉलिक राणी, जिने पुढे सरधना येथे मातेचे भव्य मंदिर उभारले. तिची माणसे त्या दिवशी सामानाच्या रक्षणाला होती आणि फळी न मोडता मागे फिरली. आर्थरजवळ प्रत्यक्ष लढण्यास साडेचार हजारांच्या आसपास सैन्य. वाटाडे म्हणत होते की पुढे नदीला उतार नाही. आर्थरने दुर्बिणीतून पाहिले, तो दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे: पिंपळगाव आणि वारूड. दोन गावांची माणसे एकमेकांकडे जात-येत असणारच, तेव्हा येथे उतार असलाच पाहिजे, असा त्याने कयास बांधला आणि तो बरोबर ठरला. मराठ्यांच्या गोलंदाजांनी अखेरपर्यंत जागा सोडली नाही. आर्थरच्या मांडीखालचे दोन घोडे जायबंदी झाले. इंग्रज बाजूचे ४२८ मेले आणि १,१३८ जखमी झाले. त्यांत आपल्या देशाचे शिपाई पुष्कळ होते. मराठ्यांची हानी याहून फार मोठी होती आणि त्यांच्या ९८ तोफा गेल्या. त्या रात्री तो शेतात, गुडघ्यांत डोके घालून, किती तरी वेळ कोणाशीही न बोलता बसून राहिला. पुढे वॉटर्लूसारखी लढाई जिंकल्यावरही, आयुष्यातील सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारले असता, त्याने असईचेच नाव घेतले.

नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. वर्ष संपता संपता तह झाले. परंतु युद्ध संपले म्हणून रयतेचे हाल संपले नव्हते. मोडलेल्या फौजांतील बेकार शिपाई टोळ्या करून निजामाच्या मुलखात लूट करू लागले. बीडच्या दक्षिणेला परांडा भागात अशी एक मोठी टोळी होती. फेब्रुवारी १८०४ मध्ये आर्थर तिच्यावर तुटून पडला, तो आज धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात असलेल्या माणकेश्वरजवळ. वीस तासांत सुमारे साठ मैल, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास, फौज चालली. एवढी मोठी मजल आपण दुसरीकडे कधी मारली नाही, असे तो पुढे सांगत असे. त्या वर्षी दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. अहमदनगर येथे त्याने धडधाकटांना बांधकामावर लावून आणि आजारी, म्हाताऱ्यांना तसेच अन्न देऊन लोक जगवण्याची व्यवस्था केली. हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आणि दुष्काळात निसर्गाइतकाच दोन वर्षांच्या लढायांचाही हात होता, हेही.

१८०५ च्या मार्चमध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. कॅथरिनच्या घरच्यांनी आता नकार दिला नाही. १८०६ मध्ये डब्लिनला त्यांचा विवाह झाला. तो सुखाचा झाला नाही. १८०८ पासून सहा वर्षे तो पोर्तुगाल आणि स्पेन या कॅथॉलिक देशांत नेपोलियनच्या फौजांशी लढला. त्याच्या पलटणींत आयरिश कॅथॉलिक शिपाई फार मोठ्या संख्येने होते. स्वतः प्रॉटेस्टंट असूनही त्याने सक्त हुकूम काढला होता की रस्त्याने पवित्र साक्रामेंताची मिरवणूक जात असेल तर सैनिकांनी टोपी काढावी आणि पहारेकऱ्यांनी शस्त्रवंदना द्यावी. यामागे भक्ती नव्हती, लोकांना दुखवू नये हा व्यवहार होता.

१८०९ मध्ये तालावेराच्या विजयानंतर त्याला उमराव करण्याचे ठरले. किताबासाठी नाव हवे होते आणि स्वारी स्पेनमध्ये. भाऊ विल्यमने नकाशा पाहून सॉमरसेटमधील वेलिंग्टन हे गाव निवडले, कारण ते उच्चाराला वेलस्लीच्या जवळ जात होते. अशा रीतीने जगाला ठाऊक झालेले हे नाव भावाने घरबसल्या शोधून काढले. विल्यमला असल्या गोष्टींचा सराव होताच. एका नातेवाइकाची मालमत्ता मिळाली तेव्हा त्याने स्वतःचे आडनाव वेलस्ली-पोल असे केले होते. त्याच्या मुलाने धनाढ्य घराण्यातील मुलीशी विवाह करून तिचीही आडनावे आपल्या नावात ओवली आणि तो झाला पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली. चार आडनावे आणि एकाही घराण्याचे भले नाही, अशी त्याची ख्याती. सर्वांत धाकटा भाऊ हेन्री १८२८ मध्ये उमराव झाला तेव्हा त्याने किताब घेतला काउली. आजोबांनी शंभर वर्षांपूर्वी टाकून दिलेले कुळाचे नाव नातवाने परत आणले.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लू झाले. त्यावर इतके लिहिले गेले आहे की येथे थांबण्याचे कारण नाही.

आपल्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातील मोलाचा काळ यापुढे येतो. १८०१ मध्ये आयर्लंडचे पार्लमेंट बंद करून तो देश लंडनशी जोडण्यात आला. त्या वेळी कॅथॉलिकांना पूर्ण हक्क देण्याची आशा दाखवण्यात आली होती. राजाच्या हट्टामुळे ती फोल ठरली. १८२३ मध्ये डॅनियल ओकॉनेल या केरी परगण्यातील कॅथॉलिक वकिलांनी कॅथॉलिक संघटना स्थापन केली. तिची वर्गणी महिन्याला एक पेनी. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या दारात धर्मगुरूंच्या देखरेखीखाली ती गोळा होई. बटाट्यावर दिवस काढणारा शेतमजूरही ती देई, आणि पेनी दिली की संघटनेचा होई. जुलै १८२८ मध्ये ओकॉनेल क्लेअर मतदारसंघातून उभे राहिले आणि एका मंत्र्याला हरवून निवडून आले. निवडून येण्यास बंदी नव्हती. जागेवर बसण्याआधी घ्यावयाच्या शपथेत मिस्सा आणि मातेची विनवणी यांचा धिक्कार होता, म्हणून कोणताही कॅथॉलिक तेथे बसू शकत नसे.

त्या वेळी पंतप्रधान होता आर्थर वेलस्ली, ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आयुष्यभर त्याने या मागणीला विरोध केला होता. त्याचा पक्ष विरोधी, चौथा जॉर्ज राजा विरोधी. पण ओकॉनेल यांना दार बंद ठेवले तर आयर्लंड पेटणार, आणि ते विझवण्यास लष्कर पाठवावे लागेल, हे त्याला दिसत होते. त्या लष्करात निम्मे आयरिश कॅथॉलिक असले तर ते कोणावर गोळ्या झाडतील, हाही प्रश्न होता. यादवी टाळण्यासाठी प्राण द्यावे लागले तरी देईन, या अर्थाचे बोलणे त्याने उमरावांच्या सभागृहात केले. असईच्या रात्री शेतात बसलेल्या माणसाला लढाई म्हणजे काय ते कोणी समजावण्याची गरज नव्हती.

घरातही या प्रश्नावरून फाटले होते. थोरला भाऊ रिचर्ड हा १८२१ पासून आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट होता आणि कॅथॉलिकांच्या बाजूचा होता. १८२५ मध्ये त्याने मारियान पॅटरसन या अमेरिकन कॅथॉलिक विधवेशी विवाह केला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे एकमेव कॅथॉलिक चार्ल्स कॅरोल यांची ती नात. आर्थर पंतप्रधान झाला तेव्हा रिचर्डने पद सोडले. ज्या सुधारणेसाठी थोरल्याने खुर्ची सोडली, ती वर्षभराने धाकट्यानेच घडवून आणावी, हे रिचर्डला कितपत रुचले असेल, कोण जाणे.

४ मार्च १८२९ रोजी राजाने ऐनवेळी शब्द फिरवला आणि मंत्रिमंडळाने राजीनामे देऊ केले. रात्री राजाला उमजले की दुसरे सरकार बनवता येणार नाही, आणि त्याने माघार घेतली. लॉर्ड विंचिल्सी याने ड्यूकवर जाहीर आरोप केला की तो गुपचूप कॅथॉलिक पंथ देशात आणू पाहतो. २१ मार्चच्या सकाळी लंडनमधील बॅटरसीच्या मैदानावर दोघे पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले. साठीला आलेल्या पंतप्रधानाने बाजूला नेम धरून गोळी झाडली, प्रतिपक्षाने हवेत. मग लेखी माफी आली. द्वंद्वयुद्ध हे आपल्या धर्मशिकवणीला सर्वस्वी अमान्य, आणि त्या काळच्या कायद्यालाही. ४ एप्रिल रोजी उमरावांच्या सभागृहात विधेयकाला २१७ विरुद्ध ११२ मते पडली. १३ एप्रिल १८२९ रोजी राजाची संमती मिळाली.

हा कायदा निर्मळ मनाने दिलेली देणगी नव्हता. त्याच वेळी आयर्लंडमधील मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली आणि ओकॉनेल यांना निवडून देणारे हजारो गरीब शेतकरी मतदार यादीतून गेले. येशूसंघीय आणि इतर संन्यस्त संघांना नवे सदस्य घेण्यास मनाई करणारी कलमे त्यात घालण्यात आली. त्यांचा प्रत्यक्षात अंमल झाला नाही, पण ती कागदावर राहिली. खुद्द ओकॉनेल यांना पुन्हा निवडणूक लढवावयास लावले गेले. ते बिनविरोध आले आणि १८३० मध्ये आपल्या जागेवर बसले. तरीही दार उघडले ते उघडलेच. पुढे १८७४ मध्ये कॅथॉलिक झालेले लॉर्ड रिपन १८८० मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आले. आपल्या नगरपालिकांच्या इतिहासात त्यांचा १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव आदराने सांगितला जातो.

१७२८, १७९३, १८२९. पहिल्या साली एका कोलीने वेस्ली नाव घेतले आणि आयरिश कॅथॉलिकांचे मत गेले. दुसऱ्या साली वेस्ली नावाच्या तरुणाच्या डोळ्यांदेखत ते परत आले. तिसऱ्या साली वेलस्लीने त्यांना पार्लमेंटमध्ये जागा दिली. तो आयर्लंडमध्ये जन्मला, पण आयरिश म्हणवून घेण्यास फारसा उत्सुक नसे. गोठ्यात जन्मल्याने कोणी घोडा ठरत नाही, या आशयाचे वचन त्याच्या नावावर खपवले जाते. ते त्याचे नव्हे, ओकॉनेल यांनी त्याला उद्देशून मारलेला टोमणा आहे.

१४ सप्टेंबर १८५२ रोजी वॉल्मर येथे त्याचा मृत्यू झाला आणि नोव्हेंबरात लंडनच्या सेंट पॉल्समध्ये दफन झाले. ओकॉनेल त्याआधीच, १८४७ मध्ये, रोमच्या यात्रेला निघाले असता वाटेत जेनोआ येथे देवाघरी गेले होते.

नाव मात्र हिंडत राहिले. मुंबईत रीगल सिनेमासमोरचे, १८६५ मध्ये वर्गणीतून उभारलेले वेलिंग्टन कारंजे, पुण्यात संगमावरचा पूर्वीचा वेलस्ली पूल, निलगिरीतील वेलिंग्टन छावणी, न्यूझीलंडची राजधानी. मलेशियात रिचर्डच्या नावाचा एक प्रांत होता, आता त्याचे नाव सबरांग पराय आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील वेलस्ली गावाचा मात्र या घराण्याशी संबंध नाही. ते वेल्स नावाच्या दुसऱ्याच कुटुंबावरून पडले. आणि रिचर्डने टाकून दिलेले साधे रूप, वेस्ली, जॉन व चार्ल्स यांच्या आठवणीने मेथडिस्ट कुटुंबांत मुलांना ठेवले जाऊ लागले. मराठवाड्यात मराठी आडनावाआधी वेस्ली हे नाव लावणारा एखादा गृहस्थ आजही भेटतो.